द्वारकाआत्याचं पान

पुण्याची गाडी संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकातून सकाळी सातला निघाली तेव्हा निरोपाला फक्त आई होती. बाबा आले नाहीत. आदल्या दिवशी ते एवढंच बोलले होते, "एका पोरीच्या नावानं या घरानं अंघोळ केलीय. दुसरीच्या नावानं करायची ताकद माझ्यात नाही." मला ती धमकी वाटली. मी बावीस वर्षांची होते, ध्वनिमुद्रण शिकायचं पक्कं केलं होतं, आणि आमच्या घराण्यात हट्ट तर रक्तातूनच येतो. मी बॅग उचलली आणि निघाले.

ती पहिली पोर म्हणजे द्वारकाआत्या, माझ्या आजोबांची थोरली बहीण. निजामाच्या राज्यात, बोलपट नुकते बोलायला लागले होते तेव्हा, ती सिनेमात गाणारी नटी व्हायला कोल्हापूरला गेली. पणजोबा कारकुनी पेशाचे, कर्मठ. त्यांनी जिवंत मुलीच्या नावानं अंघोळ केली, म्हणजे घरापुरती ती मेली. ज्या द्वितीयेला ती गेली, तीच तिची तिथी ठरली आणि दर पितृपक्षात त्या दिवशी तिचं पान वाढलं जाऊ लागलं. पणजोबांनंतर आजोबांनी ते चालू ठेवलं, आजोबांनंतर बाबांनी. लहानपणी मी आईला विचारलं होतं, "ही कशानं गेली?" आई खीर वाढता वाढता म्हणाली, "गाण्यानं."

तुमच्यापैकी जे तिकडं मागं राहिलात त्यांना वाटत असेल, पुण्यात गेली आणि सुखात लोळली. तसं काही झालं नाही. हॉस्टेलच्या मेसमधली भाजी गोड लागायची आणि मी "लई" म्हटलं की मुली माना वळवून बघायच्या. जे माझ्यासारखे निघून आलात त्यांना हे सांगायची गरज नाही. पहिली दोन वर्षं रडले, मग रडायला वेळ उरला नाही. जुन्या सिनेमांचा आवाज स्वच्छ करणाऱ्या एका स्टुडिओत नोकरी लागली. खरखर, फटफट, घरघर काढून टाकायची आणि गाणं तेवढं ठेवायचं, हे माझं काम. कानांवर दिवसभर हेडफोन.

एकदा असंच एक रीळ माझ्याकडं आलं. त्या काळात नटीला कॅमेऱ्यापुढं स्वतःच गावं लागायचं. पेटीवाला आणि तबलजी रंगवलेल्या झाडामागं लपून बसायचे. माइकमध्ये आवाज जाईल म्हणून पंखा बंद, डोक्यावर दिवे. गाण्याआधी काही सेकंद कुणीतरी बोलत होतं. नियमाप्रमाणं मी ते कापून टाकलं. मग सुरुवातीची नावं बघितली. त्यात होतं, 'द्वारका औरंगाबादकर'. घरानं आडनाव काढून घेतलं, तर बाईनं अख्खं शहरच नावाला लावून घेतलं होतं. मी कापलेला तुकडा परत जोडला आणि आवाज वाढवला. ती पेटीवाल्याला म्हणत होती, "थांबा हो जरा. लई उकडायलंय इथं." पुण्यातल्या त्या थंडगार खोलीत मी ढसाढसा रडले.

त्यानंतर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. सुट्ट्यांमागून सुट्ट्या घालवल्या आणि शेवटी कोल्हापुरात तिची एक शिष्या सापडली, आता स्वतःच सत्तरीची. तिनं सगळं सांगितलं. पाच-सहा बोलपट गाजले. मग पार्श्वगायन आलं. आवाज दुसरीचा असेल, तुम्ही फक्त ओठ हलवा, असं कंपनीवाले म्हणाले. आत्या म्हणाली, "तोंड माझं तर गळाही माझाच." झालं, नायिकेची कामं संपली. तिनं बिनगाण्याच्या आया रंगवल्या, मुलींना गाणं शिकवलं, भाड्याच्या दोन खोल्यांत म्हातारी झाली आणि माघातल्या दशमीला गेली. तेव्हा माझे बाबा नोकरीला लागून कितीतरी वर्षं झाली होती.

"तुमच्या आजोबांचं एकच कार्ड आलं होतं," शिष्या म्हणाली. "द्वितीयेला तुझं पान वाढतो, एवढंच. त्या दिवशी बाई चूल पेटवायच्या नाहीत. म्हणायच्या, 'आज माझं पान औरंगाबादेत वाढलंय, इथं कशाला स्वयंपाक?' हसत सांगायच्या. पण दिवसभर काही खायच्या नाहीत."

यंदा पितृपक्षातल्या द्वितीयेला मी रजा टाकून घरी गेले. गुरुजी आले होते, स्वयंपाक होत आला होता. मी म्हटलं, "बाबा, आज तिचं पान वाढायचं नाही. आजची तिथी ती घर सोडून गेल्याची आहे, मेल्याची नाही. मेल्याची दशमी आहे." बाबा म्हणाले, "भलत्या वेळी काय सुरू करायलीस?" मी वाद घातला नाही. लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि तो तुकडा लावला. त्यांनी तो तीनदा ऐकला.

"अशी बोलायची ती?" ते म्हणाले. "आपल्यासारखी?"

मग मी त्यांना कोल्हापूरची सगळी हकिकत सांगितली. "नोकरीला लागलो तेव्हा मी ट्रेनिंगला तीन महिने कोल्हापुरातच होतो," ते म्हणाले. "इतकी वर्षं पान वाढलं आम्ही. जेवायला मात्र कुणी बोलावलं नाही तिला."

गुरुजी म्हणाले, तिथी अशी बदलता येत नाही. बाबा म्हणाले, "येते. आम्हीच तुम्हाला चुकीची सांगितली होती." त्या दिवशी तिचं पान मांडलं नाही. आठ दिवसांनी दशमीला मांडलं, आणि संकल्पात बाबांनी तिचं नाव आमच्या गोत्रासकट मोठ्यानं घेतलं.

मी परत राहायला तिकडं जाणार नाही, हे सगळ्यांनाच स्पष्ट सांगून ठेवते. आत्याची आणखी दोन गाणी कुठल्यातरी डब्यात गंजत पडली आहेत, ती मी शोधणारच. पुण्यातली खोली भाड्याची आहे आणि संभाजीनगरच्या घरातल्या माझ्या खोलीत आता आईचे डबे असतात. घर म्हणजे या दोन्ही खोल्या नव्हेत, असं मला हल्ली वाटतं. आपण निघून गेल्यावरही जिथलं माणूस आपल्याला जिवंत धरून चालतं, ते घर. आत्याला एवढंही मिळालं नाही, याचा मला अजून राग येतो.

बाबा पूर्वी कधी स्वतःहून फोन करत नसत. आता दर गुरुवारी करतात. नळाला किती दिवसांनी पाणी आलं ते सांगतात, आईच्या गुडघ्याचं सांगतात आणि मग विचारतात, "शनिवारी जेवायला येतीस का? तुला धरून स्वयंपाक करायला सांगतो." बऱ्याचदा माझी शिफ्ट असते. जमणार नाही म्हटलं की म्हणतात, "बरं. मग पुढच्या शनिवारी."