दस्तगीर मास्तरांनी बरोबर वाचलं होतं

दस्तगीर मास्तर गेल्याचं कळलं तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. जिंतूरच्या हायस्कुलातला माझा एक जुना विद्यार्थी मोटारीनं परभणीला आला होता. तो दारातूनच म्हणाला, "सर, ड्रिल मास्तर गेले. शुक्रवारी माती दिली." मी त्याला बसवलं, चहा पाजला, आणि तो गेल्यावर उरलेले पेपर तपासून संपवले. गुणांची एकही बेरीज चुकली नाही. मी हा असा माणूस आहे, हे वाचकांना आधीच कळलेलं बरं. लेख मास्तरांवर असला तरी त्यात माझ्याविषयी पुष्कळ येणार आहे, आणि ते काही चांगलं नाही.

मास्तर निजामाच्या अमदानीतले. फौजेत काही वर्षं काढून ते शाळेत ड्रिल शिकवायला आले. पोलीस ॲक्शन झाली, शाळा मराठी झाली, आणि त्यांची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. काही आठवडे ते घराबाहेर पडले नाहीत. मग एका सकाळी मुरमाची पाटी डोक्यावर घेऊन थेट मैदानावर आले. आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात, पळणाऱ्याचा पाय त्यात गेला तर मोडलाच. त्या भेगा ते एकटे बुजवत बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, तिसऱ्या दिवशीही आले. शाळेचा त्यांच्याशी काही संबंध उरला नव्हता, पण पुढची कैक वर्षं मैदान त्यांचंच होतं. 'सावधान', 'विश्राम' हे नवे हुकूम त्यांनी मुलांकडूनच शिकून घेतले. 'विश्राम'ला शेवटपर्यंत अडखळायचे, मुलं हसली की स्वतःही हसायचे. गावात कुजबुज होती, नाही असं नाही. पण पोरं त्यांच्या मागे गेली, आणि पोरांच्या मागे हळूहळू त्यांचे आईबापही निवळले.

सोपान त्यांच्या हाताखाली आला तो वालूरहून. बाप धनगर, मुलगा जिंतूरला मावशीकडे राहून शिकणारा. पळायला त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती, आवरायला शिकवायचं होतं. पहिल्याच फेरीत सगळी ताकद घालवून बसायचा. मास्तर त्याच्या बाजूनं चालत ओरडायचे, "आरं, कोल्हं लागलंय का मेंढरामागं? दम राख. लय लांब जायचंय." दोन वर्षं हेच चाललं. तिसऱ्या वर्षी परभणीच्या जिल्हा सामन्यांत सोपाननं मैलाची शर्यत जिंकली, तीही मागच्याला निम्म्या फेरीनं मागं टाकून, आणि शाळेला पहिल्यांदा ढाल मिळाली. हेडमास्तरांनी ठरवलं की स्नेहसंमेलनात दोघांचा शाल-नारळ देऊन सत्कार करायचा आणि हॉलमधल्या लाकडी फळ्यावर खेळाडूच्या नावाखाली मास्तरांचंही नाव रंगवायचं. शाळेच्या नोकरीत नसलेल्या माणसाचं नाव त्या फळ्यावर पहिल्यांदाच येणार होतं. पेंटरनं ते आठ दिवस आधीच लिहून टाकलं. मास्तर त्या आठवड्यात रोज काही ना काही निमित्त काढून हॉलमध्ये येऊन जायचे.

आणि मग हरकत आली. हरलेल्या एका शाळेनं तक्रार केली की सोपानचं वय जास्त आहे, दाखला पाठवा. सोपानच्या बापाला जन्मसाल ठाऊक नव्हतं. पुरावा एकच, दाखल्याचं जुनं रजिस्टर. ते घसटी उर्दूत, आणि त्यात साल निजामाच्या कारभारातलं, फसली. शाळेत उर्दू येणारे दोघे होते, दोघांनीही अक्षर लागत नाही म्हणून हात झटकले. मग मास्तरांनी वाचायचं आणि मी लिहून घेऊन इसवी सन काढायचं असं ठरलं. मी मूळचा इथलाच, पण शिकलो वऱ्हाडात मामाकडे, म्हणून उर्दू येत नव्हतं. गणित मात्र मीच शिकवायचो. मास्तरांनी पानावर बोट ठेवून साल वाचलं, महिना वाचला… खुर्दाद. मी फसली सालात पाचशे नव्वद मिळवले. आमच्या घरी लहानपणापासून सगळ्यांचं वय असंच मोजत आले होते. वय आलं ते मर्यादेपेक्षा चार महिन्यांनी जास्त. सोपान अपात्र ठरला.

ढाल परत गेली. हेडमास्तरांच्या खोलीत गावातली चार प्रतिष्ठित माणसं बसली होती. त्यातला एक म्हणाला, "थोराड गडी जाणून पळवला तुमी. शाळेचं नाक कापलं." मास्तर उभेच होते. म्हणाले, "जाणून न्हाई केलं, साहेब. पोराचा बाप सांगंल तेच मला ठावं. पन रजिस्टर मी वाचलंय. कमी-जास्त झालं आसंल तर ते माह्याच वाचन्यात." माझ्या बेरजेकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मी गणिताचा मास्तर ना. फळ्यावरच्या दोन्ही नावांवर काळा रंग फिरला आणि मास्तरांना उद्यापासून मैदानावर येऊ नका असं सांगण्यात आलं. सोपान परीक्षेलाही बसला नाही, मेंढरांकडे परत गेला.

चूक मला वर्षभरानं कळली. धाकट्या भावाच्या अर्जासाठी मी कचेरीत गेलो होतो, त्याचं जन्मसालही मी असंच काढलं होतं. तिथला म्हातारा कारकून माझा कागद बघून हसला. "गुरुजी, फसली साल आझूरला, म्हंजे दसऱ्याच्या आसपास बदलतंय. पयले तीन म्हैने पाचशे नव्वद. फुडं सगळे पाचशे एक्यान्नव." खुर्दाद म्हणजे एप्रिलच्या आसपास. मी तिथंच बाकावर बसून सोपानचं वय पुन्हा काढलं. एक वर्ष कमी झालं… तो आठ महिन्यांनी आत होता. मास्तरांनी बरोबर वाचलं होतं.

मी गप्प राहिलो. तेव्हा नोकरीत कायम झालो नव्हतो, हे कारण होतं. मग कायम झालो, तेव्हा बदलीचं चाललं होतं. मग परभणीला आलो, आणि आता एवढ्या दिवसांनी उकरून काय काढायचं, असं स्वतःला सांगत राहिलो. मला लाज वाटायची, पण ती माझ्या घरात बसून वाटायची, तिचा मास्तरांना काय उपयोग? एकदा जिंतूरच्या मोटारस्टँडवर ते भेटले. वाळले होते. माझ्या मुलांची नावं विचारली, तब्येतीची चौकशी केली. गाडी सुटायला चांगली वीस मिनिटं होती. तेवढ्यात सगळं सांगून झालं असतं. मी पावसापाण्याचं बोललो.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीआधी मी जिंतूरला गेलो. भाभी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, एकट्याच होत्या. खोली सारवलेली, खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. कोनाड्यात तीन चष्मे ओळीनं मांडले होते. माझी नजर तिकडे गेलेली पाहून त्या म्हणाल्या, "त्यांचे डोळेच गेल्ते, मास्तर. ढालीचं झालं तवापासून." दोनदा परभणीला आणि एकदा हैदराबादेपर्यंत जाऊन त्यांनी डोळे तपासून घेतले होते. डॉक्टर सांगायचे, वयाप्रमाणे ठीक आहे. मास्तरांना पटायचं नाही. पूर्वी खेड्यापाड्यांतून लोक जुने उर्दू कागद घेऊन त्यांच्याकडे यायचे. पुढं ते एकेकाला ओट्यावरूनच परत लावायचे, माझ्या वाचण्यावर विसंबू नका म्हणून.

मग मी भाभींना सांगितलं. पाचशे नव्वद, एक्याण्णव, कचेरी, सगळं. हेही सांगितलं की हे मी नावानिशी छापून आणणार आहे, आणि फळ्यावरचा काळा रंग खरवडून दोन्ही नावं पुन्हा लिहा असा अर्ज हेडमास्तरांना देऊन आलो आहे. सोपानला भेटायला वालूरला जायचं अजून बाकी आहे. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजे डोळे चांगले होते त्यांचे?"

"हो, भाभी."

"शेवटपर्यंत?"

मी मान हलवली. त्या उठल्या, तिन्ही चष्मे पदरानं पुसून होते तसे ठेवले. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "जायच्या आदल्या दिशी हैदराबादेहून लेकीचं पत्र आलतं. मी त्यांच्या हातात दिलं. तसंच माघारी दिलं मला. म्हनले, दुसऱ्या कुनाकडून वाचून घे. मी भलतंच वाचीन."