एका ओळीत तीन वॉल्टर

वॉल्टर नावाचा एक सैनिक एकाच रेजिमेंटमध्ये बासष्ट वर्षं होता आणि तिसऱ्याच वर्षी मारलाही गेला होता, असं माझा डेटाबेस सांगत होता. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण मी ती नोंद उघडूनच पाहिली नव्हती.

चँडलर गावातल्या आमच्या कंपनीत प्रत्येकाला वर्षातून एकदा समाजसेवा करावी लागे. लंचला मी एकदा किल्ल्यांवर तासभर बोललो होतो. त्याची शिक्षा म्हणून बॉस कॅरलने मला जवळच्या विमानविरोधी तोफखान्याच्या रेजिमेंटचा इतिहास कॉम्प्युटरवर चढवायला पाठवलं.

हे सैनिक अर्धवेळ, आपखुशीने भरती झालेले. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि उन्हाळ्यात दोन आठवडे कवायत. एरवी कोणी प्लंबर, कोणी गणिताचा मास्तर. पूर्वी सर्चलाइटच्या झोतात विमान पकडून तोफ डागायचे, पुढे मिसाइल आली. दर वेळी रेजिमेंटचं नाव बदललं, माणसं तीच राहिली. माणसं नव्हे, घराणी, हे मला नंतर कळलं.

नोंदींची कार्डं बुटांच्या खोक्यांत होती. ती टाइप करून मी डी-ड्युप चालवलं, म्हणजे एकाच माणसाच्या दोन नोंदी असतील तर त्यांची एक करायची. नियम माझाच: नाव सेम, गाव सेम, तर माणूस सेम. जन्मतारखा निम्म्या कोऱ्या होत्या, म्हणून तो कॉलमच उडवला. बापाचं नाव मुलाला कोण ठेवतं? फार तर आजोबांचं, तेही ते गेल्यावर.

यादी एका मोठ्या फलकावर छापायची होती. रेजिमेंटची तुकडी इराकला निघाली होती, शनिवारी निरोप. शुक्रवारी सकाळी इतिहासाचं काम बघणाऱ्या रिटायर्ड सार्जंटने बोलावलं. मी शाबासकी घ्यायला गेलो.

त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. "हा कोण?"

"तुम्हीच, सर."

"मग मी मेलो कधी?"

त्याने शांतपणे सांगितलं. वडील वॉल्टर महायुद्धात मारले गेले, तेव्हा हा पाळण्यात. तोही वॉल्टर. त्याचा मुलगाही वॉल्टर, आणि तो या तुकडीबरोबर निघाला होता. माझ्या यादीत तिघांचा मिळून एकच, त्याच्यापुढे 'युद्धात ठार'.

"उद्या माझी आई येणार आहे," तो म्हणाला. "ही ओळ तिने एकदा तारेत वाचलेली आहे."

प्रिंटरची वेळ दुपारी तीनची. आम्ही खोकी पुन्हा उघडली. मी एकत्र केलेली नावं वाचायची, त्याने न बघता सांगायचं: बाप-लेक, बाप-लेक, चुलते, हा खरंच एक. मधेच त्याने विचारलं, तुमच्याकडे कोण कोणाचा मुलगा ते कसं कळतं? मी सांगितलं, वडिलांचं नाव आम्ही मधे लावतो.

"मग तुझा प्रोग्राम चांगला आहे," तो म्हणाला. "रेजिमेंट चुकली."

तीनला दहा मिनिटं असताना यादी गेली. शनिवारी म्हातारीने फलकावरच्या तिन्ही ओळींवरून बोट फिरवलं. तिसरीवर जरा थांबली. तिथे नावापुढे काही लिहिलेलं नव्हतं. मग नातवाला म्हणाली, कॉलर नीट कर.

तेव्हापासून दोन नोंदी सारख्या दिसल्या की मी डिलीटचं बटण दाबत नाही. आधी त्यांची आई कोण ते विचारतो.