डाग दिसेल असं कापड

डॉक्टरीणबाईंनी माझ्या जांघेतली गाठ दोन बोटांनी चाचपली आणि कानडीत म्हणाल्या, "ही प्लेगची नाही."

मग त्यांनी माझ्या पिशवीतली लाल चिंधी चिमट्याने उचलली, एनॅमलच्या वाटीतल्या पाण्यात बुडवली आणि वाटी माझ्यापुढे धरली. पाणी आधी गुलाबी झालं, मग लाल.

"ही वापरलेली आहे?"

"नाही. सकाळी गठ्ठ्यातून काढली."

"मग हे रक्त कोणाचं?"

म्हैसूरच्या बायकांच्या दवाखान्यात, पडद्याआडच्या बाकावर, माझ्या आजाराचं निदान असं झालं. हे दुखणं अंगावर काढणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. बहुतेकींना वाटीतलं पाणी दाखवणारं कोणी भेटत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आमचं सासर शिंप्यांचं. घरात मराठी, दुकानात कानडी. दरबारातल्या चाकरांचे अंगरखे आणि बँडवाल्यांचे डगले आमच्याकडे शिवले जात. त्यांच्या अस्तराला खारवा लागे. खारवा म्हणजे जाड, लाल, सुती कापड. त्याची कातरण उरे आणि घरातल्या बायका महिन्याच्या त्या दिवसांत तीच वापरत. लालावर लाल दिसत नाही. धुणं नाही, वाळवणं नाही. एकदा वापरायची आणि परसातल्या खड्ड्यात टाकायची. शेजारणी जुनेर धुऊन अंधाऱ्या खोलीत लपवून वाळवत. त्यांच्यापेक्षा आम्ही स्वतःला सुखी समजत होतो.

खड्डा भरला की दुसरा खणायचा. कुत्री तो उकरत. एकदा एक चिंधी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. ती उचलून आणायला मलाच पाठवलं, कारण मी तशीही बाहेर बसलेली होते.

रुक्मी, माझी मुलगी, चालायला लागली त्या सुमारास दुकानात नवा खारवा आला. मंडी मोहल्ल्यातल्या व्यापाऱ्याकडचा, स्वस्त, खळीने पुठ्ठ्यासारखा कडक. त्याची कातरण वापरल्यावर आधी खाज सुटली. पुढच्या महिन्यात आग होऊ लागली. मग मांड्यांची कातडी फाटली. मला बसवत नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं. मी परसातल्या ओसरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत असे.

जखमेतून पाणी झिरपे, म्हणून मी आणखी चिंध्या लावत होते. चिंध्यांनी जखम वाढत होती. लुगड्याला रोज लाल लागे. घरातल्यांनी त्याचा एकच अर्थ घेतला की माझं थांबतच नाही. मीही तोच घेतला.

त्यामुळे माझं ताट, माझं अंथरूण कायमचं ओसरीवरच्या खोलीत आलं. रुक्मी अंगावर पीत होती तोवर तिला उघडी करून माझ्याकडे देत. अंगावर कपडा नसलेल्या मुलाला विटाळ नाही, असा आमच्यात समज. दूध तोडल्यावर तेही बंद झालं. ती उंबऱ्याच्या आत उभी राहून हात पुढे करी आणि माझी मोठी जाऊ तिला उचलून नेई.

जावेला आम्ही अक्का म्हणतो. तिला मूल नव्हतं. ती रुक्मीला जेवू घाली, निजवी. काही दिवसांनी रुक्मी तिला अव्वा म्हणू लागली. कानडीत अव्वा म्हणजे आई. दसऱ्यानंतर थोरले दीर बंगळूरला दुसऱ्या दुकानात कापडं बेतायला जाणार होते. ठरलं असं की अक्काबरोबर रुक्मीही जाईल, मी बरी होईपर्यंत. मी कधी बरी होणार हे कोणी बोललं नाही.

मग ताप आला आणि जांघेत गाठ आली. त्या वर्षांत म्हैसुरात या दोन गोष्टींचा एकच अर्थ होता. घर रिकामं करून सगळ्यांना गावाबाहेरच्या झोपड्यांत जावं लागलं असतं आणि दसऱ्याचं काम बुडालं असतं. सासूबाई, म्हणजे माझी सख्खी आत्या, दारातूनच म्हणाली, "सरू, तोंड उघडू नको. दोन दिवस बघू."

मी दोन दिवस बघितलं. पण प्लेग असेल तर उंबऱ्याशी उभी राहणारी मुलगी वाचणार नाही, हा विचार मला स्वस्थ पडू देईना. मी यजमानांना खिडकीतून सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी परसदारी जटका, म्हणजे एका घोड्याचा टांगा, आणून उभा केला.

डॉक्टरीणबाईंनी आजाराची नावं इंग्रजीत सांगितली आणि मग उलगडून दिली. डर्मटायटिस, म्हणजे रंगाने आणि खळीने कातडीला आलेला दाह. अल्सर, म्हणजे तो दाह घासून घासून झालेली जखम. ग्लँड, म्हणजे त्या जखमेचं विष अडवताना सुजलेली गाठ. "पाळी तुमची वेळेवर येते आहे, अम्मा," त्या म्हणाल्या. "बाकीचे दिवस तुम्ही रंग मोजत होता."

मला वॉर्डात ठेवलं. बोरिकच्या पाण्याने जखमा धुवायच्या, पांढरी पट्टी, गाठीवर शेक. पू झाला तर गाठ चिरावी लागेल, असं रोज सकाळी सांगत आणि संध्याकाळी पुन्हा तपासत. पट्टी बदलताना मी प्रत्येक वेळी मान उचलून बघत असे. पांढऱ्यावर पिवळट डाग येई, मग फिका, मग जवळजवळ नाहीच. माझं दुखणं मला पहिल्यांदाच दिसत होतं. गाठ चिरावी लागली नाही.

निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं. खारवा पुन्हा नको. मऊ, पांढरं, अनेकदा धुतलेलं सुती कापड घ्या, त्याच्या घड्या शिवा, धुवा, उकळा आणि उन्हात वाळवा. "उन्हात म्हणजे उन्हातच."

घरी येऊन मी हे सांगितलं. प्लेग नाही याचा आत्याला आनंद झाला. रंगाचं ऐकून मात्र ती चिडली.

"दवाखान्यातल्या बाईला रंगातलं काय कळतंय? आपण रंगाऱ्याच्या घरातल्या, सरू. माझ्या बापाचा खारवा फाटायचा, पण रंग सोडायचा नाही."

"हा आजोबांचा नाही, आत्या. मंडीतला आहे."

"खारवा तो खारवा." तिने पितळी तपेलं भरलं, गठ्ठ्यातली चिंधी त्यात टाकली आणि डॉक्टरीणबाईंना खोटं पाडायला समोर बसली. अक्का रुक्मीला कडेवर घेऊन दारात उभी होती. पाणी लाल झालं. आत्याने चिंधी पिळली, पाणी ओतून दुसरं घेतलं. तेही लाल झालं. तिने चिंधी नाकाशी धरली, जिभेला लावली.

"अय्यो," ती हळूच म्हणाली. "ह्याला तुरटीच दाखवली नाही. रंग कच्चा आहे." तिची नखं लाल झाली होती. ती पदराला पुसली तर पदरालाही लागलं. तिने विचारलं, "मग तू खरी बाहेर किती दिवस होतीस?"

"महिन्याला चार. सगळ्यांसारखी."

अक्का म्हणाली, "रंगाचं असेल बाई. पण जखम तर आहे ना? चालता येईना, ही पोरीमागे कशी धावणार?"

त्यात खोट नव्हती. आत्याने निवाडा केला. अक्का निघेपर्यंत मी बरी झाले तर मुलगी राहील, नाहीतर जाईल.

मी यंत्रावर बसले. यजमानांच्या जुन्या धोतराच्या घड्या घातल्या, शिवण कातडीला लागू नये म्हणून बाहेरच्या बाजूला ठेवली, दोन्ही टोकांना नाडी. आधी थंड पाणी, मग रिठा, मग वेगळ्या भांड्यात उकळी. इथपर्यंत सोपं होतं. वाळवणं अवघड होतं.

"गच्चीवर पुरुष येतात," आत्या म्हणाली आणि तिने दोरीवरच्या घड्यांवर स्वतःचं नऊवारी पसरलं. घड्या संध्याकाळी हाताला कोरड्या लागल्या, आत ओल राहिली. त्या वापरल्यावर खाज परतली. मी पुन्हा ओसरीवर फेऱ्या घालू लागले. अक्काने ते पाहिलं. "सरू, परत सुरू झालं का गं?" तिने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. खोलीत तिची ट्रंक उघडी होती आणि रुक्मीचे परकर वरच घडी करून ठेवले होते.

मी घडी घेऊन पुन्हा दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तिचा वास घेतला.

"ऊन लागलं?"

"वर लुगडं होतं."

"मग ऊन लुगड्याने खाल्लं."

हे मी घरी जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आत्या स्वतः गच्चीवर गेली, लुगडं ओढून काढलं आणि जिन्यावर बसून राहिली. यजमान वर निघाले तर म्हणाली, "गच्चीवर यायचं नाही. मिरच्या वाळताहेत."

"या दिवसांत मिरच्या?"

"तू सुया मोज जा."

जखमा भरायला लागल्या त्या तेव्हापासून. आधी खपली, मग नवी गुलाबी कातडी. अक्का निघाली त्या दिवशी मी रुक्मीला कडेवर घेऊन परसदारापर्यंत चालत गेले. ती अक्काकडे झेपावून रडली. मला ते ऐकवत नव्हतं आणि अक्कालाही नसावं. जटक्यात चढताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "मलाही शिवून धाड. मला तर लग्नापासून आग होते."

हे ऐकून मी थक्क झाले. एका घरात राहून आम्ही यावर कधी बोललो नव्हतो.

वाचणाऱ्या बहिणींना एवढंच सांगायचं आहे. डाग लपवणारं कापड दुखणंही लपवतं. डाग दिसेल असं घ्या, आणि तो निघेपर्यंत धुवा. खाज सुटली तर पहिल्याच महिन्यात दाखवा, गाठीची वाट पाहू नका. आमच्या परसात त्यानंतर नवा खड्डा खणला नाही. जुन्यावर आता गवत आहे.

डॉक्टरीणबाईंची मी ऋणी आहे, आणि आत्याचीही. तिला चूक मान्य करायला दोन तपेली पाणी लागलं. पुष्कळांना त्याहून जास्त लागतं.

एकदा रुक्मी मातीत खेळून गच्चीवर आली आणि दोरीवरच्या पांढऱ्या घड्यांकडे हात नेऊ लागली. मी आत्याकडे पाहिलं. इतके दिवस या घरात एकच शब्द ठरलेला होता, शिवू नको.

"हे कुणाचं?" रुक्मीने विचारलं.

"तुझ्या आईचं," आत्या म्हणाली. "आधी हात धुऊन ये, मग शीव."