देवराईखालचं गवत

बहात्तरला पाऊस झाला नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी अकोले तालुक्यातल्या डोंगरात वनरक्षक होतो. माझं गाव देवळाली प्रवरा. उसाच्या पट्ट्यात वाढलेला मी. आमच्याकडे आग म्हणजे तोडणीनंतर पाचट पेटवायचं आणि बांधावर उभं राहून बघायचं. डोंगरातली आग नोकरी लागल्यावरच पाहिली.

माझ्या हद्दीत, डोंगराच्या खांद्यावर एक जुनी देवराई होती. हिरडा, जांभूळ, आंबा आणि मधोमध एक बेहडा. त्याचं खोड चार माणसांच्या कवेत येत नसे. बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड होता. तिथली वाळकी काडीसुद्धा वाडीतलं कुणी घरी नेत नसे. वणव्याच्या दिवसांत देवराईवर लक्ष ठेवायला खात्यानं वाडीतल्याच एका म्हाताऱ्यांना राखणदार नेमलं होतं. मी त्यांना बाबा म्हणायचो. साठी उलटलेली, पण माझ्या आधी चढ चढून जायचे. या डोंगराबद्दल मला जे काही कळत होतं, ते बहुतेक त्यांनीच शिकवलेलं.

दर हिवाळ्यात देवराईभोवतीचं गवत काढून मोकळा पट्टा करतात. त्याला जाळरेषा म्हणतात. त्या वर्षी वरची बाजू झाली, खालची राहिली. खालच्या उतारावर वाडीनं जनावरांसाठी राखलेलं गवत उभं होतं. ते कापून नेलं की तिथं रेषा काढायची, असं मी आणि बाबांनी ठरवलं होतं. पण वाडीतली धडधाकट माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर गेली होती. मागे राहिलेल्यांनी लागेल तसं, भारा-भारा कापून न्यायचं चालवलं होतं. मार्च उजाडला तरी निम्म्याहून जास्त गवत उतारावर तसंच होतं.

आग दुपारी दिसली. खालच्या दरीतून धूर वर येत होता. कुणी लावली ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी आणि बाबा देवराईच्या कडेला पोचलो, तेव्हा वाडीतली सात-आठ माणसं निरगुडीचे डहाळे घेऊन खालच्या पायवाटेवर उभी राहिली होती. बायका आणि म्हातारे, दुसरं कोण असणार. पायवाटेच्या खाली आग, पायवाटेच्या वर वाडीचं गवत, आणि गवताच्या वर देवराई. वारा खालून वर येत होता.

"साहेब, पायवाटंवर धरू आपण," बाबा म्हणाले. "उन्हं कलली की हितं वारं पडतंय."

"आणि नाही पडलं तर?"

"पडंल."

"बाबा, पायवाट हातभर रुंद आहे. आग एकदा गवतात शिरली की थेट झाडांत जाईल. मग आपण काही करू शकणार नाही."

"मंग काय करायचं?"

प्रशिक्षणात शिकवलेलं मला आठवत होतं. आग यायच्या आधी वरून गवत पेटवायचं, ते खाली जळत जातं, आणि मोठ्या आगीला पुढं खायला काही उरत नाही. मी तसं सांगितलं. बाबांनी माझ्याकडं नाही, गवताकडं पाहिलं.

"आन् जनावरांनी काय खायाचं?"

मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मला भीती वाटत होती. माझ्या हद्दीतली देवराई जळाली तर काय होईल, हे डोक्यात होतंच. पण खोटं कशाला सांगू, त्या झाडांची मायाही होती. पायवाटेवरच्या माणसांना मी ओरडून बाजूच्या खडकावर जायला सांगितलं आणि काडी ओढली.

बाबांनी माझा हात धरला नाही. ते बाजूला झाले, डहाळा उचलला आणि माझी आग मागं झाडांत शिरू नये म्हणून देवराईच्या कडेनं झोडपत राहिले. ते त्यांचं काम होतं आणि त्यांनी ते नीट केलं.

गवत कडकडत पेटलं. ठिणग्या आमच्या डोक्यावरून मागं जात होत्या. अर्ध्या-पाऊण तासात सगळा उतार काळा झाला.

आणि मग वारा पडला. बाबा म्हणाले होते तसाच, उन्हं कलल्यावर. खालून येणारी आग पायवाटेच्या खालीच दगडांत अडकून बसली. माणसं खडकावरून उतरली आणि त्यांनी ती झोडपून विझवली. फार वेळही लागला नाही. एक बाई जळलेल्या उतारावर थोडं चढून आली, उभी राहिली आणि परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला बोलवायला आले. बेहड्याच्या वरच्या ढोलीतून धूर निघत होता. झाड आतून पोकळ होतं. ठिणगी आत पडली होती आणि आतलं कुजकं लाकूड धुमसत होतं. खालची आग पायवाटेखालीच थांबली होती, तेव्हा ठिणगी कुठली हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

आम्ही बुंध्याजवळची भेग माती-दगडांनी लिंपली. धूर वरून निघत राहिला. बाबांची बायको डोक्यावर हंडा घेऊन चढण चढून आली. त्या दिवसांत वाडीच्या झऱ्यावर वाटी-वाटीनं पाणी भरावं लागे. एका हंड्याला सकाळ जायची.

"मावशी, प्यायचं पाणी आहे. राहू द्या," मी म्हणालो.

"सांजच्याला परत भरीन. आदी ह्ये इझवा."

बाबा आंब्यावरून बेहड्यावर चढले आणि पाणी ढोलीत ओतलं. आत फसफसलं, वाफ आली. तासाभरानं पुन्हा धूर. मावशी त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी, आणखी दोनदा आल्या. तिसऱ्या वेळी मी हंडा घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी बेहडा पडला. पडताना दोन जांभळी मोडल्या. शेंदराचा दगड खोडाखाली गेला.

वाडीनं उरलेली जनावरं घाट उतरून कोकणात पाहुण्यांकडं नेली. बाबांचे बैल पावसाळ्यात परत आले. गाय आली नाही.

मी अहवाल लिहिला. समोरून आग लावल्यामुळं देवराई वाचली, असं वरिष्ठांचं मत पडलं आणि त्यांनी चार लोकांत माझं कौतुक केलं. बाबांना वाचता येत नव्हतं. एकदा त्यांनी विचारलं, "कागदात काय लिवलं, साहेब?"

"देवराई वाचली म्हणून."

"आन् बेहडा?"

"एक जुनं झाड पडलं, असं."

"आन् गवत?"

गवताचा उतार खात्याच्या हद्दीत नव्हता. त्याची नोंद करायला कागदावर जागाच नव्हती. मी तसं सांगितलं. बाबांनी मान हलवली, कळल्यासारखी.

पुढं दोन वर्षं आम्ही बरोबर काम केलं. हिवाळ्यात जाळरेषा वेळेवर झाल्या, चारही बाजूंनी. माझ्याशी बोलणं त्यांनी कधी सोडलं नाही, वाडीत गेलो की मावशी कोरा चहा देत. पण कुठं पट्टा काढायचा, वारा कुठून येईल, असं काही मी विचारलं की बाबा म्हणायचे, "तुमी म्हनाल तसं." पूर्वी ते माझ्याशी वाद घालायचे. मी चुकलो की हसायचे. बदलीचा कागद आला तेव्हा मी त्यांना सांगायला गेलो. ते देवराईच्या खालच्या अंगाला नव्या गवतात बैल चारत होते. मला वारा पडल्याची गोष्ट काढायची होती. मी रस्त्याची आणि एसटीच्या वेळेची चौकशी केली आणि निघालो.