पाठमोरं चित्र

तांब्याचं तोंड गोल असतं, एवढं तर मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. त्यामुळे जळगावच्या हायस्कुलात ड्रॉइंगच्या पहिल्या तासाला मास्तरांनी टेबलावर तांब्या ठेवून 'दिसतो तसा काढा' म्हटल्यावर मी कंपासपेटीतल्या कंपासनं वर एक गोल तोंड काढलं, खाली बुडाची सरळ रेघ मारली आणि सगळ्या वर्गाच्या आधी कागद नेऊन दाखवला. मास्तरांनी विचारलं की, हा तांब्या तू वरून पाहिलास की समोरून? मी म्हटलं, कुठूनही पाहिला तरी तोंड गोलच. मग त्यांनी मला टेबलासमोर उकिडवं बसवलं. डोळे तांब्याच्या काठाशी आले, तेव्हा तोंडाची नुसती आडवी रेघ झाली. हळूहळू उभी राहत गेले तसं ते उघडत गेलं, पण पुरतं गोल काही शेवटपर्यंत झालं नाही. आणि बूड तर सपाट नव्हतंच, त्यालाही बाक होता. "माहीत आहे ते काढू नकोस, दिसतं ते काढ," मास्तर म्हणाले. वर्ग हसला. मला मास्तरांचा राग आला आणि तो दोन-तीन दिवस टिकला.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. आमचं गाव रावेरकडचं, केळीच्या बागांचं. मी तीन वर्षांची असताना वडील, म्हणजे आमचे दादा, तापानं गेले. तेव्हापासून घर मोठ्या काकांच्या हातात होतं. त्यांना सगळे आबा म्हणत. जळगावला कचेरीत कारकून असलेल्या मामांना मूलबाळ नव्हतं, त्यांनी मला शिकायला आपल्याकडे नेलं. आबांनी जाऊ दिलं ते नाराजीनंच.

ड्रॉइंगचे मास्तर धुळ्याचे. बोलणं कमी, आणि जे बोलायचे ते परत बोलत नसत. पेन्सिल हात ताठ करून डोळ्यासमोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि तांब्याची उंची त्याच्या रुंदीच्या किती पट ते पेन्सिलीवर अंगठा सरकवून मोजायचं. डोळे किलकिले करून पाहायचं, म्हणजे बारीकसारीक पुसलं जातं आणि फक्त उजेड कुठे नि अंधार कुठे तेवढं उरतं. सावली कधी नुसत्या काळ्या रंगानं भरायची नाही. आधी मोठा आकार, मग त्यातले लहान आकार, आणि नक्षी अगदी शेवटी. हे शेवटचं कुणाच्या डोक्यात शिरेना. माणूस काढायला सांगितला की आम्ही सगळे डोळ्यांपासून सुरुवात करायचो, पापण्यांचे केससुद्धा मोजून काढायचो, आणि मग पायांना कागद पुरायचा नाही.

एकदा त्यांनी आम्हाला व्हरांड्यात आणून उभं केलं. मैदानाच्या टोकाला एक माणूस पाठमोरा विहिरीकडे चालला होता. हा कोण, त्यांनी विचारलं. सगळे एका आवाजात म्हणालो, आपला शिपाई. नाक दिसतंय का? नाही. डोळे? नाही. मग ओळखलात कशावरून? कुणालाच सांगता येईना. मास्तर म्हणाले, ते जे सांगता येत नाही ना, ते आधी काढायचं. मग आम्ही तो शिपाई पाच-सहा रेघांत काढला. मानेचा कल, खांद्यांचा उतार, भार कोणत्या पायावर आहे तेवढंच. चाळीस पोरांच्या कागदांवर तोच एक माणूस चालत होता. मला त्या दिवशी चित्रकला खरोखर आवडली.

त्या वर्षी चित्रकलेची सरकारी परीक्षा मी पास झाले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेले. सर्टिफिकेट आबांनी उलटसुलट करून पाहिलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली होती. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज ठेवतात, आंब्याच्या रसाचा नैवेद्य दाखवतात. आबा म्हणाले, एवढं शिकलीस तर बापाचं चित्र काढ, घागरीपाशी ठेवू. वडिलांचा फोटो नव्हता. फोटो काढायला रावेरला जावं लागायचं आणि बागेला पाणी द्यायचं सोडून त्यासाठी कोण जाणार. मला तर त्यांचा चेहरा आठवतच नव्हता. पण आबांना नाही म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती.

मी घरातल्या सगळ्यांना विचारत सुटले. आत्या म्हणाली, गोरापान होता. शेजारच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, रंगानं तुझ्यासारखाच, म्हणजे काळाच. नाक कुणी सरळ सांगितलं, कुणी बसकं. शेवटी आबाच म्हणाले की दोघं भाऊ सारखेच दिसायचो, मला पाहून काढ आणि वय थोडं कमी कर. ते टोपी घालून बाजेवर बसले. मी पेन्सिल ताठ धरून माप घ्यायला लागले, तर त्यांना ते नेम धरल्यासारखं वाटलं आणि ते चिडले. डोळे डोक्याच्या निम्म्यावर येतात, हे मास्तरांनी शिकवलं होतं, म्हणून मी तसे काढले. आबांना कपाळ फार मोठं वाटलं. नाकाखाली आणि एका गालावर सावली दिली, तर आत्या म्हणाली, हे काय माखलंस. माझ्या भावाच्या तोंडावर असा डाग नव्हता, असं आबांनीही बजावलं. मी रबरानं सगळी सावली पुसली. तोंड भाकरीसारखं सपाट झालं आणि घरातले सगळे खूश झाले. आता कसा बोलेल असा वाटतो, असं जो तो म्हणायला लागला. मी आतून धुमसत होते, पण मान डोलावली.

माय मागच्या अंगणात बाजेवर शेवया वाळत घालत होती. चित्र तिला दाखवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी नेऊन दाखवलं. तिनं हात पुसून कागद घेतला, पाहिला आणि परत दिला.

"तुह्ये आबा चांगले काढले," ती म्हणाली.

एवढं बोलून ती परत शेवयांकडे वळली. मला रडूच फुटायचं बाकी होतं. मी म्हटलं, मग तू सांग ना दादा कसे दिसायचे, तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार. ती शेवया मोकळ्या करत राहिली. मी पिच्छा सोडला नाही, तेव्हा ती वैतागून म्हणाली की मला सांगता येत नाही. नाक कसं होतं, डोळे कसे होते, मी एकेक विचारत गेले आणि ती प्रत्येकाला नुसती मान हलवत गेली. मग हळू आवाजात ती सांगायला लागली.

घर माणसांनी भरलेलं. सासू, सासरे, थोरले दीर, आल्यागेल्याचा राबता. दिवसा नवऱ्यासमोर यायचं तर पदर कपाळाच्या खाली ओढून. वाढताना दिसायची ती पानावरची बोटं. ते बोलले तर ऐकायचं जमिनीकडे बघून. रात्री खोलीत यायच्या आधी दिवा मालवलेला असायचा, कारण रॉकेल जाळलं तर सासूबाई विचारायच्या. चेहरा दिसलाच नाही असं नव्हे, दिसायचा, पण टक लावून पाहायची सोय नव्हती. आणि गेले त्या दिवशी बायकांनी तिला धरून आत बसवलं होतं. आता चेहरा आठवू गेलं की आबांचाच पुढे येतो, म्हणाली.

"डोये मिटले का पाठ दिसते मले त्यायची," ती म्हणाली. "सकाळी बागात जायचे तवा मी मांगच्या दारातून पाह्यची. तवा कोनी नसे."

मला राग आला. आबांचा आला, कधी न पाहिलेल्या त्या आजीचा आला, त्या मालवलेल्या दिव्याचा आला. आठ वर्षं संसार केलेल्या बाईला आपल्या माणसाचं नाक सांगता येऊ नये, याहून वाईट मी तोवर काही ऐकलं नव्हतं. पण रागानं काही होत नाही. मी चित्राचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला एक पाठमोरा माणूस काढला, पाच-सहा रेघांत.

मायनं तो पाहिला आणि म्हणाली, इतके ताठ नव्हते. मी मान थोडी पुढे वाकवली. डावा खांदा खाली, ती म्हणाली, फावडं त्या खांद्यावर असायचं. मी खांदा उतरवला. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, उजवीकडे जास्त. डोक्याला पंचा, त्याचं एक टोक मानेवर. चालताना टाचा बाहेरच्या अंगाला पडायच्या. जिला काही सांगता येत नव्हतं ती बाई शेवया विसरून माझ्या शेजारी मांडी घालून बसली होती आणि मला एकेक रेघ पुसायला लावत होती. मी खोडत होते, परत काढत होते. पाय तर तीनदा काढले. चौथ्यांदा ती काही बोलली नाही, तेव्हा मला कळलं की जमलं.

दुसऱ्या दिवशी मी ते जाड कागदावर उतरवलं आणि रंगांची पेटी घेऊन बसले. दोन्ही अंगांना केळी, मधून पाट, पाटाच्या कडेनं ते चाललेले. चित्रात सावली असली की माणूस जमिनीवर नीट उभा राहतो, असं मास्तर सांगायचे, म्हणून मी त्यांच्या पायांपासून आपल्याकडे येणारी लांब सावली काढली. मायनं लगेच बोट ठेवलं. बाग आपल्या घराच्या मावळतीला, ते जायचे सकाळी, मग ऊन पाठीवर पडेल की तोंडावर? सावली त्यांच्या पुढे पुढे चालायची. मी जीभ चावली. सावली पुढे नेली, पाठीवर पिवळसर ऊन दिलं, पंचा जवळजवळ कोराच ठेवला. आता तो माणूस खरंच निघाल्यासारखा दिसायला लागला. पहिल्यांदा मला वाटलं की मला वडील होते.

आखाजीला आबांचं चित्र काचेच्या चौकटीत बसून रावेरहून आलं. घागरीमागं पाटावर उभं केलं, हार घातला, आबांनी स्वतः हात जोडले. आलेल्या माणसांना ते सांगत होते, हा माझा भाऊ, पोरीनं काढला. मी दुसरंही चित्र तिथेच ठेवावं असं सुचवून पाहिलं. आत्यानं विचारलं, पाठीला हार घालतात का कुठे? तिचंही चुकत नव्हतं. मायनं ते चित्र उचललं आणि आत नेलं.

जेवणं उरकली, माणसं पांगली. मी पाणी प्यायला आत गेले तर माय कोठाराच्या खोलीत एकटी बसली होती. चित्र तिनं कणगीला टेकवून ठेवलं होतं. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता, आणि तो तिनं सावरला नव्हता. माझी चाहूल लागली तरी तिनं मान वळवली नाही. मी तिच्याजवळ बसले. आता आपल्याला पाठ साधली, मान साधली, तू अशीच सांगत गेलीस तर हळूहळू चेहराही साधेल, असं मी तिला म्हणाले. उद्याच सुरू करू, म्हटलं. त्या वेळी मला ते अगदी सोपं वाटत होतं.

चित्रावरची नजर न काढता ती म्हणाली,

"तोंड नको काढू. त्यायनं इकळे पाह्यलं त मले खाले पाहा लागीन. असे पाठमोरे हायेत, तं डोये भरून पाह्यता येते."

मी उठले आणि बाहेरून कुणी येऊ नये म्हणून दाराशी जाऊन बसले.