घिवलीत अर्धा मिनिट उशिरा

पालघरहून एसटीने बोईसरला निघाले तेव्हा पिशवीत एक नवाकोरा मोबाईल होता आणि डोक्यात साहेबांचं वाक्य. "प्रेक्षकांत बसून सामने बघा आणि काय ते एका ओळीत लिहून द्या."

आमच्या हॉकी लीगचे सामने यंदा कोणी दाखवायचे, ते सोमवारी ठरणार होतं. एका बाजूला घरच्या डिशवर फुकट दिसणारी जुनी वाहिनी, दुसरीकडे फक्त मोबाईलवर दाखवणारी चकचकीत कंपनी. त्या आठवड्यात चाचणी म्हणून दोघांनाही परवानगी होती. साहेबांचं मन मोबाईलवाल्यांवर बसलेलं. एका ओळीसाठी दिवसभर वणवण करायची, अशी माझी नोकरी. हा भाग मीच निवडला होता, कारण बोईसरच्या कारखान्यांत झारखंडकडची हॉकीवेडी माणसं भरपूर, आणि आमच्या एका संघाची गोलरक्षक दर्शना इथल्याच घिवलीची.

बोईसरच्या रिक्षावाल्याने मला सालवडला नेलं आणि चुकीच्या गल्लीत सोडलं. तीन चाळी पालथ्या घातल्यावर झारखंडच्या कामगारांची खोली सापडली. खिडकीवर गोणपाट होतं, त्यामुळे भर दुपारी आत अंधार. भिंतीकडेला चार-पाच जण पांघरुणं डोक्यावर ओढून झोपले होते आणि त्यांच्या पायांशी दहा-बारा जण टीव्ही बघत होते. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद.

"धीरे, दीदी," दाराजवळचा एकजण कुजबुजला. "नाइट शिफ्टवाले सोये हैं."

मी दारात बसले आणि तोच सामना मोबाईलवर लावला. टीव्ही माझ्याकडे पाठ करून होता, मला दिसत होते फक्त चेहरे. अचानक सगळ्यांचे हात वर गेले. तोंडं उघडली, पण हूं की चूं नाही. झोपलेल्यांतला एकही हलला नाही. माझ्या मोबाईलवर चेंडू अजून मैदानाच्या मध्यातच होता. अर्ध्या मिनिटाने माझ्याकडे गोल झाला, तेव्हा ती माणसं पुन्हा शांत बसलेली होती.

मोबाईलवरचं चित्र मागून येतं, हे मला कार्यालयात कितीदा तरी समजावलं होतं. तरी पुढच्या वेळी त्या सगळ्यांनी एकदम कपाळाला हात लावला, आणि काहीतरी वाईट घडलंय हे मला घडण्याआधी कळलं, तेव्हा मात्र अंगावर काटा आला. मी निरोपही न घेता बाहेर पडले.

घिवलीला पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. अणुऊर्जा केंद्राच्या इमारती माडांपलीकडे राखाडी दिसत होत्या. किनाऱ्यावर वलांडीवर (बोंबील सुकवायच्या बांबूंच्या चौकटीवर) हजारो बोंबील तोंडं उघडी टाकून लटकले होते. वाऱ्याने सगळे एकाच बाजूला वळत. मी त्यांच्याकडे फार वेळ बघितलं नाही.

दर्शनाची आई, जयवंतीताई, अंगणातच भेटल्या. तांदळाची भाकरी आणि भाजलेला सुका बोंबील पुढे ठेवून म्हणाल्या, "आदी खा. सामन्याला वेळ हाय." दर्शनाचे वडील एकदा समुद्रात गेले ते परत आलेच नव्हते, हे मला संघाकडून ठाऊक होतं. त्याबद्दल विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं.

पहिला अर्धा सामना मी मुद्दाम मोबाईलवर दाखवला. चित्र स्वच्छ, दर्शनाच्या हेल्मेटवरचा ओरखडासुद्धा दिसत होता. जयवंतीताई हरखल्या. पडद्याशी तोंड नेऊन सांगू लागल्या, "दर्शी, फुडं ये. आता मागं." मग पडद्यापासून मागे सरकल्या.

"ही ऐकत नाय," त्या म्हणाल्या.

मी हसले. त्याही हसल्या. तेवढ्यात शेजारच्या घरातून, जिथे टीव्ही चालू होता, "अरे देवा!" असा गलका आला. आमच्या मोबाईलवर चेंडू लांब होता आणि दर्शना निवांत उभी होती. आम्ही दोघी त्या निवांत मुलीकडे बघत बसलो. मग चेंडू आला आणि गोल झाला.

"माज्या पोरीला कवाच गोल झालेला," त्या म्हणाल्या, "नि मी हितं हसत होते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मोबाईल पिशवीत टाकला. त्यांनी उठून टीव्ही लावला आणि माझ्याकडे न बघता बोलल्या, "तिचा बाप दर्यात असला की मी काठावरून हाक मारायची. हाक पोचते, बाय. एकदाच उशीर झाला."

उत्तरार्धात त्या हलक्या आवाजात बोलत राहिल्या. "डावीकडं." पडद्यावर दर्शना डावीकडे झेपावली, चेंडू पायावर आदळून गेला. "खाली बस." ती बसली. टीव्हीतून कोणाला काही ऐकू जात नाही, हे मी मनात घोकत होते. नंतर मी पडद्याकडे बघायचं सोडून त्यांच्या ओठांकडेच बघत राहिले. पुन्हा गोल झाला नाही.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "ह्या टीव्हीवरच ठेवा. येवढं करा."

परत आल्यावर मी माझी ओळ लिहिली: सामना ज्या क्षणी घडतो त्या क्षणी दाखवेल, त्यालाच द्या. साहेबांनी त्यापुढे 'भावनिक' असा शेरा मारला आणि करार मोबाईलवाल्यांशी झाला. मी भांडायला हवं होतं. भांडले नाही, याची लाज अजून वाटते.

महिन्याभराने दर्शनाचा सामना होता तेव्हा मी मैदानावर, तिच्याच गोलमागे उभी होते. राहवलं नाही म्हणून जयवंतीताईंना फोन लावला आणि माफी मागितली.

"मी मोबाईल बगतच नाय," त्या म्हणाल्या. मागे समुद्राचा आवाज येत होता. "सामन्याची येळ ठावूक हाय. काठावर येऊन बसते नि सांगते."

"पण काही न दिसता कसं सांगता?"

"दर्यात तरी कुठं काय दिसायचं?" मग त्यांचा आवाज फोनपासून जरा लांब गेला, आणि त्या सावकाश म्हणाल्या, "दर्शी, डावीकडं."

चेंडू अजून पार समोरच्या टोकाला होता. माझ्यापुढे दहा पावलांवर दर्शनाने हेल्मेट जरासं कलतं केलं आणि ती डावीकडे सरकून उभी राहिली.