गुणगुण जमिनीतून येते

कुठलंही यंत्र दुरुस्तीला आलं की आमचे मिस्त्री आधी त्याला कान लावायचे. मग मान हलवून म्हणायचे, "मशीन बराबर हाय. मालक बिघडलाय."

सेनगावकडच्या आमच्या गोरेगावात त्यांच्याइतका विजेचा जाणकार नव्हता, आणि इतका खोडसाळही. तुमच्याही गावात असेल असा एखादा, निम्मं काम हातानं आणि निम्मं तोंडानं करणारा.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हौसेनं अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर आणले. पण गाणं लावलं की मागं भुंगा गुणगुणायचा. मिस्त्रींनी स्पीकरला कान लावला, टेस्टर घेऊन घरभर फिरले आणि म्हणाले की ही गुणगुण जमिनीतून येते. "या घराला अर्थिंगच न्हाई, गळकी वीज जमिनीत जायला वाटच न्हाई." मी म्हटलं, घराचं राहू द्या, अ‍ॅम्प्लिफायरपुरती मीटरपासून वेगळी लाईन टाका. ते स्वयंपाकघरात गेले, माझ्या बायकोशी बोलले आणि मला हाक मारली.

"सर, चप्पल काढा अन् फ्रिजला हात लावा."

लावला. कोपरापर्यंत मुंग्या आल्या.

"वहिनींना रोज येतात. तुमी त्यांना काय सांगितलं होतं?"

मी सांगितलं होतं, चप्पल घालत जा. बायको पदर तोंडाला लावून हसत होती. तिची तक्रार पहिल्यांदाच कुणीतरी खरी मानली होती.

"आधी फ्रिज, मग गाणं," मिस्त्री म्हणाले.

अंगणात खड्डा सुरू झाला. शेजाऱ्यानं विचारलं तेव्हा मिस्त्रींनी आवाज खाली आणून सांगितलं की सरांच्या आजोबांनी इथं काहीतरी पुरलंय, पण कुणाला बोलू नका. तासाभरात गल्ली जमली. दोन तगड्या गड्यांनी आपणहून कुदळी घेतल्या. मिस्त्री बाजेवर बसून चहा पीत "अजून खोल" म्हणत राहिले. खड्डा पुरुषभर झाल्यावर उठले, तांब्याची पट्टी जोडलेली अर्थिंगची प्लेट खाली सोडली आणि वर कोळसा-मीठ टाकायला लागले.

गडी चिडले. मटका कुठाय म्हणाले.

"हेच धन. तुमच्या घरी हाय का?"

कुणाच्याच घरी नव्हतं. हसता हसता मिस्त्री थांबले. त्यांची धाकटी बहीण लोखंडी कूलरला चिकटून गेली होती, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. तिनं तक्रार केली होती.

"उद्या बघतो म्हणलो होतो मी."

त्यानंतर त्यांनी गल्लीतल्या एकेका घराला अर्थिंग केली. नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

माझी वेगळी लाईनही टाकली. अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला तर भुंगा गायब. मी गाणं निवडेपर्यंत मिस्त्री हत्यारं गोळा करून निघून गेले होते.

त्यांना शेवटचं पाहिलं ते स्टँडवर, सेनगावच्या भरलेल्या जीपमध्ये. मांडीवर तारेचं भलंमोठं भेंडोळं. ड्रायव्हर त्याचं अर्धं तिकीट मागत होता.

"मांडीवरच्या लेकराचं तिकीट काहून?" मिस्त्री म्हणाले, आणि भेंडोळ्यावरून हात फिरवत त्याला थोपटायला लागले. सगळी जीप हसली, ड्रायव्हरही. दोन दिवसांनी ते झोपेतच गेल्याचं कळलं. मला मात्र अजून ती जीपच दिसते. वळणावर ती कलली, तेव्हा त्यांनी भेंडोळं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.